जुन्या न्यूजरील शोधायच्या तर तारखेपासून सुरुवात करा

युरोपातल्या जुन्या न्यूजरील, म्हणजे थिएटरातल्या बातम्यांच्या फिल्म्स, ऑनलाइन बघायला लागलं की पहिल्या आठवड्यात माणूस नुसता हरवून जातो. ब्रिटिश पाथे ह्या न्यूजरील कंपनीने २०१४ च्या एप्रिलमध्ये एकदम ८५,००० फिल्म्स यूट्यूबवर टाकल्या, पुढच्या वर्षी एपी ही वृत्तसंस्था आणि ब्रिटिश मूव्हीटोनने मिळून साडेपाच लाखांच्या वर क्लिप्स टाकल्या, आणि हे फक्त इंग्रजीतलं झालं, इटली, स्पेन, हॉलंड, पोलंड, स्वित्झर्लंड सगळे वेगळेच. मी पण सुरुवातीला 'वॉर', 'ट्रेन', 'पॅरिस' असं काहीतरी टाइप करायचे आणि येईल ते बघत बसायचे, रात्रीचे दोन वाजायचे आणि दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीची ती एक छान क्लिप काही केल्या परत सापडायची नाही.

मग हळूहळू डोक्यात शिरलं की न्यूजरील म्हणजे पडद्यावरचा पेपर. मेन पिक्चरच्या आधी थिएटरमध्ये दाखवायचे, बहुतेक देशांत आठवड्याला एक नवा अंक, इंग्लंडात तर आठवड्यातून दोन, प्रत्येक अंकाला नंबर आणि अंकात पाच-दहा छोट्या बातम्या. ज्यांनी हे जपून ठेवलं त्यांनी कॅटलॉगही त्याच हिशोबाने केलाय. म्हणून विषय घेऊन आत शिरलात तर भरकटणार, तारीख घेऊन शिरलात तर बरोबर त्या कपाटासमोर जाऊन उभे राहणार. माझी सगळी पद्धत ह्या एका गोष्टीवर उभी आहे, बाकीचं सगळं त्याच्यातूनच निघतं.

आधी कुठे जायचं ते पटकन सांगते. इटलीचं लुचे इन्स्टिट्यूट १९२४ चं, त्यांची न्यूजरील १९२७ पासून सुरू होते आणि साइटवर ए, बी, सी अशा सिरीज आहेत, ए मूक, बी बोलती, सी १९४० नंतरची, हे माहीत असलं की नंबर बघूनच काळ कळतो. स्पेनची नो-दो १९४३ ते १९८१, स्पॅनिश टीव्हीच्या साइटवर फुकट. हॉलंडची पोलिगून १९८७ पर्यंत चालली, ती हिल्व्हर्सुमच्या साउंड अँड व्हिजन इन्स्टिट्यूटकडे आहे. फ्रान्ससाठी इना (INA) हे राष्ट्रीय दृकश्राव्य आर्काइव्ह, आणि लष्कराचं वेगळं ईसीपीएडी (ECPAD), ज्याची सुरुवात १९१५ साली पहिल्या महायुद्धातच झाली. पोलंडची क्रोनिका १९४४ ते १९९४. जर्मनीचं बुंडेसआर्काइव्ह. स्वित्झर्लंडची १९४० ते १९७५, आणि ही माझी फार आवडती, कारण एकच अंक जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषांत मिळतो, ह्यातली एखादी भाषा शिकत असाल तर सोन्याहून पिवळं. सगळीकडे एकदम शोधायचं असेल तर युरोपियन फिल्म गेटवे आणि युरोपियाना आहेत, ते फक्त दार दाखवतात, आत मूळ आर्काइव्हच्या साइटवरच जायचं असतं. पण पहिल्या दिवशी ह्यातलं एकच निवडा, दहा टॅब उघडून बसू नका.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते एका घटनेवरून सांगते, कारण नुसत्या टिप्स वाचून काही होत नाही. १९५३ चा नॉर्थ सी चा पूर घ्या. ३१ जानेवारीच्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला, हॉलंडमध्ये १,८३६ माणसं गेली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७. दोन देश, एकच रात्र, दोन्हीकडे कॅमेरे, म्हणजे शिकायला ह्याच्याहून चांगलं उदाहरण नाही.

पहिलं काम, तारीख पकडायची पण घटनेची आणि अंकाची वेगळी पकडायची. घटना ३१ जानेवारीची, पण अंक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला असणार, कारण फिल्म शूट करून, धुवून, कापून, कॉमेंट्री टाकून, प्रिंट काढून थिएटरात पोचवायला वेळ लागायचा. कॅटलॉगमध्ये बऱ्याचदा अंकाची तारीख लिहिलेली असते. म्हणून फिल्टर लावताना घटनेच्या दिवसापासून पुढचे तीन आठवडे घ्या, आधीचा एक दिवसही नको. दूरच्या देशातली घटना असेल तर दीड महिना घ्या, रीळं विमानाने नाहीतर बोटीने यायची.

दुसरं काम, त्यांचा शब्द शोधायचा. डच साइटवर इंग्रजीत 'फ्लड' टाकलंत तर फार काही हाती लागणार नाही. मग ट्रान्सलेटमध्ये टाकून 'ओव्हरस्ट्रोमिंग' आणाल, तो बरोबरच शब्द आहे, पण त्या पुराला तिकडचे लोक 'वाटरस्नोड' म्हणतात आणि कॅटलॉगच्या कार्डावर तो शब्द असतो. हा शब्द मिळवायची सोपी युक्ती म्हणजे त्या घटनेचं विकिपीडिया पान इंग्रजीत उघडायचं आणि भाषांच्या यादीतून डच पानावर जायचं, वरचं टायटल कॉपी करायचं, झालं. मी आता ट्रान्सलेट अॅपच्या आधी हेच करते. इंग्लंडच्या साइटवर परत वेगळं, तिकडे ते 'ईस्ट कोस्ट फ्लड्स' आहे आणि नाहीतर सरळ गावाच्या नावाने आहे, कॅन्व्ही आयलंड टाकून बघा.

गावांच्या नावांचं तर विचारूच नका. मध्य युरोपात शंभर वर्षांत सीमा इतक्या वेळा हलल्यात की एकाच शहराची तीन नावं तीन आर्काइव्हमध्ये असतात. आजचं ग्दान्स्क जर्मन कार्डावर डान्त्सिग, आजचं व्रोत्सवाफ म्हणजे ब्रेस्लाऊ, लविव म्हणजे जर्मनमध्ये लेम्बर्ग, ब्रातिस्लावा म्हणजे प्रेसबुर्ग आणि हंगेरियन लोकांसाठी पोझोन्य. फिल्म बनली तेव्हा तिथे कोणाचं राज्य होतं ते बघायचं आणि त्यांचं नाव टाकायचं.

तिसरं, आणि इथे खरी मजा आहे, सापडलेल्या क्लिपपाशी थांबायचं नाही, पुढच्या महिन्यांत जायचं. पुराच्या न्यूजरीलमध्ये काय असतं ते तुम्ही न बघताही सांगाल, रस्त्यातून होड्या, छपरावर माणसं, वाळूची पोती, गमबूट घातलेली राणी युलियाना. पण बांध परत बांधायला कितीतरी महिने लागले, आणि शेवटची मोठी फट औवरकेर्क ह्या गावाजवळ त्याच वर्षी ६ नोव्हेंबरच्या रात्री बंद झाली. म्हणजे फिल्टर आता नोव्हेंबर १९५३ वर लावायचा. ती फट कशाने बंद केली? काँक्रीटच्या अवाढव्य पोकळ ठोकळ्यांनी, ज्यांना फीनिक्स केसन म्हणतात, पाण्यावर तरंगत आणायचे आणि जागेवर बुडवायचे. आणि हे केसन बनले होते १९४४ साली, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं कृत्रिम बंदर उभं करायला! मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. मग काय, लगेच १९४४ चा जून, 'मलबेरी हार्बर', आणि तसलेच ठोकळे टगबोटींच्या मागे समुद्रातून चाललेले. एका पुरापासून सुरू केलं आणि युद्धात जाऊन पोचले, आणि प्रत्येक पायरीला हातात एक तारीख होती म्हणून पोचले. त्यातले चार केसन आजही औवरकेर्कला आहेत, त्यांच्यातच पुराचं म्युझियम केलंय.

एवढं शोधताना एक शीट ठेवायचीच. साधी, सात-आठ कॉलमची: आर्काइव्ह, अंकाचा नंबर, अंकाची तारीख, मूळ भाषेतलं टायटल जसंच्या तसं, लिंक, क्लिपमध्ये कितव्या मिनिटाला काय आहे, आवाज आहे की मूक, हक्कांबद्दल काय लिहिलंय. लिंकवर विसंबून राहू नका, साइट नवीन झाली की लिंका मरतात, नंबर मरत नाही. एका आर्काइव्हला मी मेल लिहिली होती की अमुक शहरातल्या ट्रामची एक फिल्म तुमच्याकडे बघितली होती, ती पूर्ण मिळेल का, तर उत्तरच नाही. दोन महिन्यांनी अंकाचा नंबर टाकून तीच मेल परत पाठवली, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

आता क्लिपच्या खालचा मजकूर. बरेच जण व्हिडिओ बघतात आणि डिस्क्रिप्शन सोडून देतात, तिथेच अर्धा खजिना आहे. चांगल्या आर्काइव्हमध्ये शॉट-लिस्ट असते, म्हणजे पहिल्या शॉटपासून शेवटपर्यंत काय दिसतंय ते कोणीतरी बसून लिहिलंय. इंग्लंडात कॅमेरामन रीळसोबत एक कागद पाठवायचे, त्याला डोप शीट म्हणतात, कुठे उभा होतो, कोण दिसतंय, नावं काय, हवा कशी होती, आणि त्यातले बरेच कागद टिकलेत. ब्रिटिश युनिव्हर्सिटीजच्या फिल्म काउन्सिलने तिकडच्या न्यूजरीलचा डेटाबेस केला त्यात दीड लाखाच्या वर बातम्यांची नोंद आहे, काहींच्या कागदांचे स्कॅनसुद्धा. कागद आणि पडदा शेजारी ठेवून बघा. कॅमेरामनने लिहिलं एक आणि लंडनमध्ये बसून कॉमेंट्री लिहिणाऱ्याने सांगितलं दुसरंच, असं दिसलं की ती क्लिप एकदम जिवंत होते.

कॉमेंट्रीवरून आठवलं, पहिल्यांदा आवाज ऐका, दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. हे नक्की करा. पाथेचा बॉब डॅन्व्हर्स-वॉकर असो की पोलिगूनचा फिलिप ब्लूमेंडाल, ह्या माणसांचे आवाज इतके पक्के आणि ओळखीचे होते की ते जे सांगतील तेच आपल्याला दिसतं. म्यूट केलं की मग कोपऱ्यातली बाई दिसते जी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी आहे, मागची पाटी दिसते, पोरांचे अनवाणी पाय दिसतात. आणि पावलांचे, गर्दीचे, तोफांचे आवाज बऱ्याचदा नंतर स्टुडिओत लावलेले असतात, त्यामुळे आवाजाला पुरावा धरायचं नाही.

ब्रिटिश पाथेवर 'अनयूज्ड' किंवा 'अनइश्यूड' शब्द लावून शोधा. ह्या क्लिप्स शूट झाल्या पण अंकात गेल्या नाहीत. बहुतेक मूक, न कापलेल्या, एकच शॉट दोन-तीनदा घेतलेला. दिसायला कंटाळवाण्या, पण माझ्या मते अभ्यासाला तयार न्यूजरीलपेक्षा ह्याच जास्त कामाच्या, कारण कापायच्या आधीचं जग त्यात आहे.

हे किती महत्त्वाचं आहे त्याचं एक फार जड उदाहरण आहे. १९४२ च्या मे महिन्यात नाझींनी वॉर्सा घेट्टोमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, जवळजवळ तासाभराचं फुटेज शूट केलं, फिल्म पूर्ण झालीच नाही, युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या आर्काइव्हमध्ये डब्यावर नुसतं 'घेट्टो' लिहिलेली रीळं सापडली. श्रीमंत ज्यू मजेत जेवतायत आणि शेजारी भुकेने मरणाऱ्यांकडे बघतही नाहीत, अशी दृश्यं. लोकांनी कित्येक वर्षं त्यातले तुकडे अस्सल म्हणून वापरले. मग १९९८ साली त्याच शूटिंगचे टाकून दिलेले टेक सापडले, त्यात तीच दृश्यं परत परत करून घेतलेली दिसतात, कैद झालेल्या, मरणाच्या दारातल्या माणसांकडून. उपासमार खरी होती, ती मेजवानी त्यांनी मांडून घेतलेली होती, आणि हे कळलं ते टाकाऊ समजलेल्या रिळांवरून.

सगळं खोटं असतं असंही धरून चालू नका. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईवरची १९१६ ची ब्रिटिश फिल्म घ्या, इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहे, युनेस्कोच्या यादीतही आहे. त्यात सैनिक खंदकातून वर चढून धुरात जातात आणि त्यातला एक घसरून पडतो, हा शॉट शंभर ठिकाणी बघितला असेल. तो शॉट आघाडीच्या मागे ट्रेनिंगच्या जागी करून घेतलेला आहे असं आता अभ्यासक मानतात. कसं ओळखायचं? थांबवून बघा. कॅमेरा कुठे आहे? खऱ्या हल्ल्यात त्या जागी उभं राहून हँडल फिरवणारा माणूस वाचला नसता. सैनिकांच्या पाठीवर सामान बघा, खऱ्या हल्ल्यातल्या सैनिकांवर असायचं तेवढं ओझं नाही. आणि ह्याच फिल्ममध्ये हॉथॉर्न रिजचा सुरुंग उडतो तो शॉट पूर्ण खरा आहे, १ जुलैच्या सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी, हल्ल्याच्या दहा मिनिटं आधी जेफ्री मॅलिन्सने घेतलेला, लांबून, एका जागेवरून, अख्खी जमीन वर उचलली जाते. एकाच फिल्ममध्ये दोन्ही आहेत, म्हणून प्रश्न फिल्मला विचारायचा नसतो, एकेका शॉटला विचारायचा असतो, कॅमेरा कुठे होता आणि त्याला तिथे कोणी उभं राहू दिलं.

सरकारी न्यूजरील बघताना तर हा दुसरा प्रश्न सोडायचाच नाही. नो-दो स्पेनच्या प्रत्येक थिएटरला दाखवावीच लागायची, १९७५ पर्यंत. जर्मनीत १९४० साली सगळ्या न्यूजरील मिळून एकच डॉइच वोखेनशाऊ केली, तिचा शेवटचा अंक ७५५ नंबरचा, मार्च १९४५ चा, त्यात हिटलर पोरगेल्या मुलांना पदकं लावतोय. हे अंक बघायचे तर सलग पाच-सहा आठवड्यांचे बघा, एकटा अंक बघून काही कळत नाही. कोणता आठवडा गाळलाय, कुठल्या शहराचं नाव अचानक येणं बंद झालंय, हे सलग बघितल्यावरच दिसतं. आणि मध्येमध्ये उठा, पाणी प्या, हे फुटेज डोक्यात बसतं.

थोडं टेक्निकल. मूक काळातली माणसं टुकटुक पळताना दिसतात ती तशी चालत नव्हती, शूटिंग साधारण सेकंदाला १६ ते २० फ्रेमने व्हायचं आणि नंतर २४ ने दाखवलं की वेग वाढतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये स्पीड ०.७५ करा, म्हणजे २४ चे १८ होतात, आणि अचानक ती माणसं आपल्यासारखी चालायला लागतात. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, इतका फरक पडतो. चांगल्या आर्काइव्हने मुळातच वेग बरोबर करून ठेवला असेल तर हात लावू नका, चालण्याकडे बघून कळतं. चित्रात डाग, वितळल्यासारखे फुगे दिसले तर ती नायट्रेट फिल्म असणार, १९५० च्या सुमारापर्यंत व्यावसायिक फिल्म त्यावरच चालायची, ती आपोआप सडते आणि पेटली तर पाण्याखालीही विझत नाही. जे टिकलं ते कोणीतरी थंड खोलीत ठेवून टिकवलं म्हणून.

न्यूजरीलच्या बाहेर पण बघा, विशेषतः साधी माणसं बघायची असतील तर. १९९४ साली ब्लॅकबर्नमध्ये एका दुकानाच्या तळघरात धातूच्या पिंपांमध्ये ८०० च्या वर निगेटिव्ह रीळं सापडली, मिचेल आणि केन्यन ह्या दोघांच्या कंपनीची, १९०० च्या आसपासची. गिरणी सुटताना गेटवर कॅमेरा लावायचे, संध्याकाळी जत्रेत त्याच कामगारांना पैसे घेऊन दाखवायचे, लोक स्वतःला बघायला यायचे. त्यामुळे सगळे थेट कॅमेऱ्यात बघतात, हसतात, टोप्या हलवतात. आता ही फिल्म बीएफआयकडे, म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे आहे. बीएफआय आणि डेन्मार्कच्या फिल्म इन्स्टिट्यूटने अशा लोकल फिल्म्स नकाशावर टाकल्यात, गावावर क्लिक करून बघायचं. पॅरिसजवळचं आल्बेर कान म्युझियम वेगळंच, एका बँकरने १९०९ ते १९३१ जगभर माणसं पाठवून ७२,००० रंगीत काचेचे फोटो आणि साधारण शंभर तासांची फिल्म जमवली.

वापरायचं असेल तर हक्क बघा. ऑनलाइन फुकट बघायला मिळतं म्हणजे फुकट वापरता येतं असं नाही, पाथे, गोमाँ ह्यांचा धंदाच फुटेज विकायचा आहे. हॉलंडच्या ओपन इमेजेसवर पोलिगूनचे बरेच अंक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्यावर आहेत, नाव द्यायचं आणि पुढेही त्याच अटीवर शेअर करायचं, बस. युरोपियानावर वापराच्या परवानगीचा फिल्टर आहे तो आधीच लावून टाका. एखाद्या क्लिपबद्दल शंका असेल तर लिंक द्या, क्लिप उचलू नका.

आणि कार्डावर चूक दिसली तर कळवा. मी एका आर्काइव्हला कळवलं होतं, कार्डावर १९३६ होतं, बाजारातली साधी मिनिटभराची क्लिप, पण भिंतीवर एका पिक्चरचं पोस्टर दिसत होतं जो १९३८ पर्यंत आलाच नव्हता. स्क्रीनशॉट, टाइमकोड आणि अंकाचा नंबर, तीन ओळींची मेल. महिन्याभराने बघितलं तर तारीख बदललेली होती.